पुनर्वसनात ‘पुरेसं घर’ मागायचं तर आंतरराष्ट्रीय करारांचा आधार कसा घ्यायचा?

स्नेहल, घाटकोपर: वस्तीचं पुनर्वसन ठरतंय. सगळी चर्चा चौरस फुटांवरच अडते. जागतिक निकष कामी येतील का?

अनघा: येतील, ताई. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक हक्कांच्या कराराचं कलम 11 पाहा, त्यात पुरेशा घराचा हक्क आहे. भारत त्यात 1979 पासून आहे. त्यावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या 1991 च्या चौथ्या टिप्पणीत (कलमाचा अर्थ सांगणारा दस्तऐवज) जागेची कायदेशीर हमी, सोयी, परवडणं, रोजगाराजवळचं ठिकाण अशा सात कसोट्या आहेत. लोक हमखास चुकतात ते परवडण्यात. युएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या घरं-वस्त्यांविषयीच्या संस्थेचा निकष असा, की घराचा खर्च उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आत हवा. कमाई 20,000 असेल तर मेंटेनन्स, लिफ्ट, पंपाचं बिल धरून 6,000 च्या आत बसायला हवं. घर फुकट मिळालं तरी हा हिशेब आधी लेखी मागा.

मिलिंद: नुसता करार कोर्टात थेट चालत नाही. राज्यघटनेच्या कलम 21 ला, म्हणजे जगण्याच्या हक्काला जोडून मांडा. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानणारा सुप्रीम कोर्टाचा 1985 चा ओल्गा टेलिस निकाल मुंबईच्या फुटपाथवासीयांचाच.

फरीदा: प्रकल्पाला जागतिक बँकेचं कर्ज आहे का, तेही बघा. असल्यास आधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, दाद नाही मिळाली तर बँकेचंच स्वतंत्र तपासणी पॅनेल. किमान दोन बाधितांच्या सह्या लागतात, अर्ज मराठीतही चालतो. एमयूटीपीत, म्हणजे मुंबईच्या शहरी वाहतूक प्रकल्पात, अशाच तक्रारींनंतर मार्च 2006 मध्ये बँकेकडून रस्ते आणि पुनर्वसनासाठी येणारे कर्जाचे हप्ते थांबले होते. तक्रारीची पोच मात्र जपून ठेवा.