मदत हवी आहे: झेकमध्ये बुर्चाक कुठे मिळेल?

भटक्या: झेकची तिकिटं झाली. मागच्या खेपेला प्रागमध्ये दोन दिवस बुर्चाक शोधला, कुठेच मिळाला नाही. या वेळी प्यायचाच आहे. नेमकं कुठे जाऊ? आणि पबमध्ये ग्लास संपायच्या आत वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो, त्याला थांबवायचं कसं? जे स्वतः जाऊन आलेत त्यांनीच सांगा, लवकर.

निवांत: महिना कोणता? बुर्चाक म्हणजे आंबायला लागलेला, पण अजून वाइन न झालेला द्राक्षरस. १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर एवढाच काळ विकता येतो. मागच्या वेळी कधी गेला होतात?

भटक्या: मे. आता सप्टेंबर.

पिल्सनप्रेमी: बुर्चाक सोडा हो, पिल्झेनला जा! १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसाने सोनेरी लागर बीअर तिथेच बनवली. ब्रूअरीच्या तळघरात ओकच्या पिंपातली, न गाळलेली बीअर देतात. तेवढ्यासाठी मी दोनदा गेलोय.

द्राक्षवेल: त्यांनी बीअरचं विचारलंय का? झेकच्या बहुतेक द्राक्षबागा मोराव्हियात, म्हणजे देशाच्या पूर्वेकडच्या भागात. मिकुलोव्ह नाहीतर झ्नोय्मो गाठा, दोन्हीकडे सप्टेंबरात द्राक्षोत्सव असतो. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका. मी लावून बॅगेत ठेवली. ब्र्नोला उतरेपर्यंत कपडे, वही, चार्जर सगळं चिकट. आंबणं चालूच असतं, वायूला वाट हवी.

पुणेकरीण: शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, विसरू नका.

भटक्या: व्हिसा कधीच झालाय ताई. वेटरचं कुणी सांगेल का?

निवांत: बास झालं की कोस्टर, म्हणजे ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती, ग्लासवर ठेवा. प्रत्येक ग्लासामागे तो टेबलावरच्या कागदी पट्टीवर पेन्सिलीने रेघ ओढतो. ती पट्टी हरवू नका, बिल त्यावरूनच होतं. शिवाय पाटीवरचे १० अंश, १२ अंश म्हणजे अल्कोहोल नव्हे, आंबवण्याआधीच्या रसातल्या साखरेचं माप. १२ ची बीअर साधारण ५ टक्के भरते.

भटक्या: आभार. मिकुलोव्हला भाड्याच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येईन.

द्राक्षवेल: अहो, हे आधी सांगायचं ना! तिथे ड्रायव्हरला अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे. एक घोटसुद्धा चालत नाही. रेल्वेने ब्रेत्स्लावला उतरा, तिथून मिकुलोव्हची गाडी मिळते. आणि रात्री तिथेच राहा.

पिल्सनप्रेमी: पिल्झेनला प्रागहून थेट रेल्वे आहे, सांगून ठेवतो.

भटक्या: गाडी रद्द केली. मिकुलोव्हला उत्सवाच्या दिवसांत खोली कुणी घेतली होती का? किती आधी घ्यावी लागते?