मूत्राशयाचा कॅन्सर, टी-वन हाय ग्रेड : गाठीची जनुकीय टेस्ट करून घ्यावी का?

वखारवाला :
नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. आमचे आप्पा, वय ६८. उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं, शिवाय बिडी. तंबाखूला भाव मिळावा म्हणून झालेल्या ८१ च्या आंदोलनात हायवेवर बसलेला माणूस, त्यामुळं तंबाखूला नाव ठेवलेलं अजून खपत नाही.

मार्गशीर्षात एकदा लघवी लाल झाली, अगदी कोकमाच्या पाण्यासारखी. दुखणं शून्य. दोन दिवसांत आपोआप थांबली. उष्णता असेल म्हणून आईनं धन्याचं पाणी दिलं आणि विषय मिटला. पाडव्याला पुन्हा तेच. मग सोनोग्राफी केली, मूत्राशयात २.५ सेंमीची एक गाठ. बेळगावात दुर्बिणीतून खरवडून काढली. रिपोर्टमध्ये टी-वन, हाय ग्रेड. म्हणजे अस्तराच्या खालच्या थरात उतरलीय, स्नायूत दिसली नाही, आणि पेशी जास्त बिघडलेल्या, असं मी वाचलं. (संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत, आणि घरात खल मराठीत. सीमाभागाचं नेहमीचंच.)

डॉक्टर बीसीजी (क्षयाचीच लस, पण मूत्राशयात सोडतात) द्यायचं म्हणतात. बेंगळुरूचा चुलतभाऊ म्हणतो, थांब, आधी गाठीतल्या एफजीएफआर-थ्री, टीपी-५३ असल्या जनुकांची टेस्ट कर, आजार पुढं सरकणार का ते आधीच कळतं. खर्च आमच्या घरच्या दोन महिन्यांचा. दवाखान्यात विचारलं तर ‘करायची तर करा’, पुढं एक शब्द नाही.

निकाल चांगला आला तर बीसीजी टळेल? वाईट आला तर मूत्राशयच काढावं लागेल? आप्पा म्हणतात, “करा की काय ते, खरं पोटाला पिशवी लावू नका.”

स्लाइडबहाद्दर :
कोल्हापुरात पॅथॉलॉजीत आहे. एफजीएफआर-थ्रीमधला बदल बहुतेक वरवरच्या, लो ग्रेड गाठींत सापडतो. त्या पुन्हा पुन्हा उगवतात, पण सहसा खोल जात नाहीत. टीपी-५३ बिघडलेलं सापडतं ते जास्त करून हाय ग्रेड आणि खोल जाणाऱ्या गाठींत. हे पुष्कळ रुग्ण एकत्र मोजले की दिसतं, एकट्या आप्पांचं भविष्य त्यातून निघत नाही. टर्ट नावाच्या जनुकातला बदल तर सुरुवातीच्या आणि पुढच्या, दोन्ही गाठींत असतो. लघवीतून कॅन्सर हुडकायला तो बरा, पुढचं सांगायला नाही. युरोमोल नावाच्या युरोपातल्या अभ्यासानं २०२१ मध्ये आरएनएवरून (म्हणजे गाठीत कुठली जनुकं किती चालू आहेत ते बघून) अशा गाठींचे चार वर्ग पाडले : १, २अ, २ब, ३. पुढं सरकण्याचा धोका २अ मध्ये सगळ्यांत जास्त. काम झकास आहे, पण रोजच्या उपचाराचा निर्णय अजून त्यावर होत नाही. युरोपियन युरॉलॉजी असोसिएशनचे २०२१ चे धोक्याचे गटसुद्धा गाठीची खोली, ग्रेड, अस्तरात पसरलेला सपाट कॅन्सर, ७० च्या वरचं वय, एकाहून जास्त गाठी आणि ३ सेंमीचा आकार यांवर उभे आहेत. जनुकं त्यात नाहीत.

म्हणून एफजीएफआर-थ्री सापडलं तरी आप्पांचं बीसीजी टळत नाही. आणि नुसत्या टीपी-५३ वर कोणी मूत्राशय काढत नाही.

आता माझा प्रश्न. रिपोर्टमध्ये ‘डिट्रूसर मसल’, म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू, शोधा. पुढं नेमकं काय लिहिलंय?

वखारवाला :
‘नॉट सीन इन द मटेरियल सबमिटेड.’ म्हणजे स्नायूत कॅन्सर नाही ना?

स्लाइडबहाद्दर :
नाही भाऊ. तुकड्यात स्नायूच आलेला नाही, मग त्यात कॅन्सर आहे का ते बघणार कुठं? टी-वन हाय ग्रेडला एरवीही २ ते ६ आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून त्याच जागेचा तळ खरवडतात. बीसीजी त्यानंतर. टेस्टचे पैसे राखून ठेवा, डॉक्टरांना आधी हे विचारा. आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला लागेल.

खानापूरची_आक्का :
बीसीजीला घाबरू नका. आमच्या ह्यांना आठवड्याला एक असे सहा झाले, आता अधूनमधून तीन-तीन चालू आहेत. नळीनं आत सोडतात, दोन तास लघवी धरायची. जिवंत लस असते ती, क्षयाची, म्हणून पुढचे सहा तास दर वेळी संडासात ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचं. लघवीत रक्त असलं तर त्या दिवशी देत नाहीत. जळजळ होते, अंग कसकसतं. जोराचा ताप आला तर मात्र घरी बसू नका. आणि बिडी आजच बंद करा. आमचे हे हात रिकामा राहू नये म्हणून शेंगा फोडत बसायचे, अंगणभर टरफलं!

वखारवाला :
आक्का, भाऊ, आभार. डॉक्टरांना स्नायूचं विचारलं. रिपोर्ट पुन्हा वाचला आणि म्हणाले, होय, परत बघायला पाहिजे. मंगळवारी दुसरी दुर्बीण. चुलतभाऊ रुसलाय, टेस्ट तूर्त थांबवली. ब्लॉक मिळाला. काडेपेटीपेक्षा लहान, पांढऱ्या मेणात नखाएवढा तुकडा. आप्पांनी उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “एवढ्याशापायी?” मंगळवारचा रिपोर्ट आला की स्नायूची ओळ जशीच्या तशी इथं टाकतो.