यकृताच्या रुग्णाला हृदयाचे औषध : अभ्यासात सहभागी व्हावे का?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा) : माझ्या वडिलांना लिव्हर सिरॉसिस असून ते येथील रुग्णालयात दाखल आहेत. कार्व्हेडिलॉलवरील एका अभ्यासात त्यांनी सहभागी व्हावे, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. परंतु हे तर रक्तदाबाचे आणि हृदयाचे औषध; यकृताच्या रुग्णाला ते का द्यावे? शिवाय संमतीपत्र गुजरातीत आहे आणि बाबांना मराठीच नीट वाचता येते.

उत्तर १ : सिरॉसिसमध्ये यकृत कठीण झाल्याने पोर्टल शिरेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील) दाब वाढतो, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात आणि त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होऊन जीव धोक्यात येतो. कार्व्हेडिलॉलने हाच दाब उतरतो, त्यामुळे हा वापर नवा नाही. मात्र बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली गेल्यास, विशेषतः पोटात पाणी झालेले असताना, डोस कमी किंवा बंद करावा लागतो. रोजचे बीपी वहीत लिहून ठेवाच.

उत्तर २ (इंदूर) : सहीची घाई करू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळायला हवी, म्हणून मराठी प्रत निःसंकोच मागा. सहभाग केव्हाही सोडता येतो आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

उत्तर ३ : तुलनेच्या गटाला काय देणार, एंडोस्कोपीने शिरा बांधणार की नुसती निष्क्रिय गोळी, हे आधी विचारा. माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.