आजचा कॅव्हेलियर थेट चार्ल्स राजाचा नव्हे

अनेकदा म्हटलं जातं की कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही कुत्र्याची जात 17व्या शतकापासून जशीच्या तशी आहे. तसं नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळातल्या चित्रांतले लांब नाकाचे स्पॅनियल पुढे मागे पडले. व्हिक्टोरियन काळात चपट्या तोंडाची, घुमटासारख्या डोक्याची फॅशन आली आणि जुना चेहरा जवळपास नाहीसाच झाला.

तो परत आणायला निमित्त झालं पैशाचं! रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थांनी 1926 साली क्रफ्ट्स या ब्रिटिश श्वान प्रदर्शनात जुन्या धाटणीच्या ब्लेनहाइम (पांढऱ्या-तांबूस रंगाच्या) स्पॅनियलसाठी 25 पौंडांचं बक्षीस लावलं. 1928 मध्ये या जातीचा क्लब निघाला, 'अ‍ॅन्स सन' हा कुत्रा जातीचा नमुना ठरला. केनेल क्लबची (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी ब्रिटिश संस्था) स्वतंत्र मान्यता मात्र 1945 ची.

आता खरी अडचण. मोजक्याच कुत्र्यांपासून वंश वाढल्याने दोष पक्के झाले. हृदयाची मायट्रल झडप लवकर झिजते, रक्त मागे गळतं, हृदय मोठं होतं. म्हणून दरवर्षी स्टेथोस्कोपने तपासणी हवीच. मर्मर (हृदयाच्या ठोक्यांतला जादा आवाज) सापडला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. घरी गाढ झोपेत श्वास मोजा: मिनिटाला सतत 30 च्या वर गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कवटीत मेंदूला जागा अपुरी पडून सिरिंगोमायलिया (मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होणं) होतो. त्वचेला स्पर्श न करता हवेतच मान खाजवणं ही त्याची खूण, तिला पिसवा समजू नका.

पिल्लू घेताना रंग नंतर बघा, आधी आईबापांचे हृदयाचे रिपोर्ट मागा.