ओपनडब्ल्यूआरटी बोर्डावर ड्रिपचा प्रोग्राम बूटला नीट उठत नाही, आरसी डॉट लोकल सोडून काय वापरू?

रावेर_केळी: राम राम मंडळी. केळीच्या बागेत ड्रिपचे व्हॉल्व्ह चालवायला राउटरच्या बोर्डावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं छोटं लिनक्स) टाकलंय, छोटा सी प्रोग्राम आहे, एमक्यूटीटीवरून (उपकरणांना छोटे निरोप पाठवायची पद्धत) हुकूम घेतो. आत्ता आरसी डॉट लोकलमध्ये (बूटच्या शेवटी चालणारी स्क्रिप्ट) स्लीप ६०, म्हणजे ६० सेकंद थांबा, लावून सुरू करतो, पण लाईट जाऊन आली की मोडेमला कधी लवकर टॉवर सापडतो कधी नाही, मग ब्रोकर (एमक्यूटीटीचे निरोप पोचवणारा सर्व्हर) मिळत नाही म्हणून प्रोग्राम मरतो आणि कुणी मळ्यात जाऊन स्विच बंद-चालू करेपर्यंत पाणी बंद, त्यात थ्री फेजची पाळी रात्रीची असली की जाणार कोण. मे महिन्यात केळीला हे परवडत नाही. मोठ्या लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून सांभाळणारा सिस्टमडी बसेल का? फ्लॅश १६ एमबी.

जळगाव_फर्मवेअर: भाऊ सिस्टमडीच्या नादी लागू नका, तेवढ्यात मावणार नाही आणि गरजही नाही. ओपनडब्ल्यूआरटीत तेच काम करणारा प्रोसीडी आहेच, पीआयडी १ (बूटला सगळ्यात आधी उठणारा प्रोग्राम) तोच, वॉचडॉगही (बोर्ड अडकला तर रीस्टार्ट करणारा टायमर) तोच सांभाळतो. इनिट डॉट डी मध्ये एक फाइल टाका, वर स्टार्ट ९५ (बूटमधला क्रम) आणि यूज प्रोसीडी १, स्टार्ट सर्व्हिस फंक्शनमध्ये इन्स्टन्स उघडून कमांड आणि रिस्पॉन (मेला तर परत उठवायचा नियम) द्या, इन्स्टन्स बंद करा, मग बूटला आपोआप उठावी म्हणून सर्व्हिस एनेबल करा. आरसी डॉट लोकलमधली ओळ काढून टाका. प्रोग्राम फोरग्राउंडलाच चालू द्या, डीमन होऊन मागे (बॅकग्राउंडला) गेला की प्रोसीडीला वाटतं मेला. आता खरी गोम, रिस्पॉनचे आकडे. डिफॉल्ट ३६००, ५, ५ म्हणजे तासाच्या आत मेला तर क्रॅश धरतो, ५ सेकंद थांबून उठवतो, आणि पाचदा असं झालं की नाद सोडतो. तुमचा टॉवर पाच मिनिटांनी आला तर तोवर सर्व्हिस बंद पडलेली असेल. म्हणून शेवटचा आकडा ० करा, मग उठवतच राहतो. एसटीडीआउट, एसटीडीइआरआर १ केलं की प्रोग्राम जे छापतो ते आणि चुका सगळं लॉगरीडमध्ये (लॉग बघायची कमांड) दिसतं.

धुळेकर: वरचं बरोबर, पण स्टार्ट ९५ हा नुसता क्रम आहे, नेट आलंय याची हमी नाही. ब्रोकर नाही म्हणून प्रोग्रामने मरायचंच कशाला, आतच परत परत कनेक्ट करू द्या आणि पाण्याचं वेळापत्रक बोर्डावरच ठेवा, झाडाला नेटशी काय घेणं. घड्याळही बघा, अशा बोर्डांना बहुतेक बॅटरीवालं घड्याळ नसतं, बूटला ईटीसी फोल्डरमधल्या सगळ्यात नव्या फाइलची वेळ धरली जाते. हॉटप्लग डॉट डी (काही घडलं की चालणाऱ्या स्क्रिप्टचा फोल्डर) मध्ये एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणं) नावाचा फोल्डर करा, वेळ जुळली की त्यातली स्क्रिप्ट चालते, वेळापत्रक तिथून सुरू करा.

रावेर_केळी: हाव, हे पटलं. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर?

जळगाव_फर्मवेअर: प्रोसीडी आधी सिगटर्म (थांब असा इशारा) देतो, तो पकडून व्हॉल्व्ह बंद करा. वेळेत नाही थांबला तर सिगकिल (जबरदस्तीने मारणं), तिथे काही करता येत नाही, म्हणून प्रोग्राम उठल्याबरोबर पहिलं काम सगळे व्हॉल्व्ह बंद.