कम्युनिटी कॉलेजातली गळती: दोष पोरांचा, कॉलेजचा की मोजपट्टीचा?

तासिकावाला (न्यू जर्सी)

न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, कुणालाही प्रवेश देणारं सरकारी कॉलेज) मी नऊ वर्षं संध्याकाळचं गणित शिकवतोय. अ‍ॅडजंक्ट आहे, म्हणजे आपल्याकडच्या सीएचबीवाल्या मास्तरासारखाच: तासाचे पैसे आणि पुढच्या सत्राची हमी नाही. सप्टेंबरात वर्गात २८ चेहरे असतात, थँक्सगिव्हिंगनंतर १७-१८ उरतात. स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य असतं, "या मुलांना शिकायचंच नसतं." बरीच वर्षं मीही मान डोलावली.

मागे एक मुलगा ऑक्टोबरात यायचा बंद झाला. गणित झेपलं नसेल असं धरून चाललो होतो. पुढच्या उन्हाळ्यात तो पेट्रोल पंपावर भेटला, माझ्याच गाडीत पेट्रोल भरत होता. (न्यू जर्सीत स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, म्हणून भेट तरी झाली.) गाडीचं ट्रान्समिशन गेलं होतं आणि गोदामातल्या कामावरून कॉलेजला यायला दोन बस बदलाव्या लागायच्या. त्यातच खात्यावर १८३ डॉलर थकबाकी होती, त्यामुळे पुढच्या सत्राचं रजिस्ट्रेशन अडवलेलं. माझ्या विषयात तो बी प्लसवर होता.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली 'एसॅप' नावाची योजना सुरू केली. फीतली उरलेली तूट माफ, पुस्तकं आणि मेट्रोकार्ड फुकट. सल्लागार असा, की ज्याच्याकडे ६० ते ८० विद्यार्थी. एरवी एकेकाच्या माथी ६०० ते १५०० असायचे. गरीब घरांतल्या, रिमेडियल (पाया पक्का करून घेणारे वर्ग) लागणाऱ्या ८९६ मुलांवर अभ्यास झाला. योजनेतल्या ४० टक्के मुलांनी तीन वर्षांत पदवी घेतली, योजनेबाहेरच्यांपैकी २२ टक्क्यांनी. पोरं एकाच माळेची. मग आळशी कोण होतं?

माझं मत: गळती ही कॉलेजची जबाबदारी आहे, आणि सरकारी पैसा पदवीच्या आकड्याशी जोडला तर माझी हरकत नाही.

कुपर्टिनोची मावशी

शेवटच्या वाक्याशी साफ असहमत. माझी लेक दोन वर्षं इथल्या डी अँझा कम्युनिटी कॉलेजला होती. ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटीवर (विद्यापीठात पुढच्या प्रवेशाची हमी) कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसला गेली, इंजिनियर झाली. असोसिएट (दोन वर्षांची) डिग्री घेतलीच नाही, कारण गरज नव्हती. म्हणजे सरकारच्या पदवीच्या टक्केवारीत ती "पूर्ण न केलेली". ट्रान्सफरचा रकाना वेगळा असतो हे खरं, पण वर्तमानपत्रात छापून येतो तो पहिलाच.

शिवाय त्या आकड्यात मोजतात फक्त पहिल्यांदा कॉलेजात आलेली, पूर्णवेळ मुलं. या कॉलेजांत दोन-तृतीयांशाच्या आसपास विद्यार्थी अर्धवेळ असतात, ते हिशेबातच नाहीत. असल्या मोजपट्टीवर पैसे वाटायचे?

आणि एक सांगते. मुलगी तिथे जाणार म्हटल्यावर आमच्या मंडळाच्या गणपतीत दोघींनी हळूच विचारलं होतं, "का गं, मार्क कमी पडले का?" तुमच्या या टक्केवाऱ्या त्यांच्याच हातात कोलीत देतात.

आकडेमोड

मावशी, मोजपट्टी सदोष आहे, मान्य. पूर्णवेळवाल्यांना दोन वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षं द्यायची हा हिशेब १९९० च्या कायद्यातून आला. नंतर सरकारने आठ वर्षांचा, अर्धवेळवाल्यांना धरणारा आकडाही द्यायला सुरुवात केली, तो कोणी बघत नाही ही गोष्ट वेगळी.

पण मोजपट्टी दुरुस्त केली तरी चित्र फारसं पालटत नाही. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस ही विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था मुलगा देशात कुठल्याही कॉलेजात गेला तरी त्याचा माग ठेवते. तुमची लेक त्यांच्या हिशेबात आलेली असणार. तरीही सहा वर्षांत काहीतरी पदवी वा सर्टिफिकेट हाती पडलेले ४० टक्क्यांच्या थोडे वर, बस्स. चार वर्षांच्या कॉलेजात जायचंय असं पहिल्या दिवशी सांगणारे बहुसंख्य असतात. प्रत्यक्षात जातात साधारण एक-तृतीयांश, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पुरी करतात सहातला एखादा.

थर्मामीटर दोन अंश चुकीचं दाखवतो म्हणून ताप नाही असं होत नाही.

कुपर्टिनोची मावशी

ताप आहे हो. पण रोग्याला ताप जास्त म्हणून औषधाचे पैसे कापायचे, हे कुठलं वैद्यक?

खडूस मास्तर

मावशींना +१, पण माझं कारण निराळं आहे. तीस वर्षं शिकवलं, आधी पुण्यात, मग इथे. आकडा वर न्यायचे दोन स्वस्त मार्ग मला पाठ आहेत. पहिला, कच्ची मुलं घ्यायचीच नाहीत. १९०१ ला इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज (कम्युनिटी कॉलेजचं जुनं नाव) निघालं तेव्हापासून चालत आलेलं आपलं उघडं दार हळूच लोटून घ्यायचं. दुसरा, पास करत सुटायचं.

दुसरा मी पाहिलाय. आमच्याकडे दर सत्राअखेर 'डीएफडब्ल्यू'चा तक्ता निघायचा: किती जणांना डी, किती नापास, कितींनी मधेच विषय सोडला. कुणी "गुण वाढवा" असं म्हणत नाही. फक्त तुमचं नाव तक्त्यात वरती असतं आणि पुढच्या सत्रात तास कमी मिळतात. तासिकावाले, तुमच्यासारख्या हमी नसलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं? टेनेसीने २०१० च्या कायद्याने कॉलेजांचा पैसा निकालाशी बांधला. तुम्हाला तेच सगळीकडे हवंय.

कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने रिमेडियल जवळपास मोडीत काढलं. वर्षभरात कॉलेज पातळीचं गणित पार करणारे वाढले, हे कबूल. पण त्या वर्गात नापास होणारेही वाढले. त्यांच्याबद्दल बोलायला कुणाला सवड नाही.

आणि एसॅपचा खर्च? तीन वर्षांत माणशी सोळा हजार डॉलरच्या वर जादा. कोण देणार?

तासिकावाला

मास्तर, खर्चाचा पुढचा भागही सांगा की. माणशी खर्च वाढला, पण दर पदवीमागचा खर्च उलट कमी झाला, कारण पदव्या जवळपास दुप्पट. आधी स्वस्तात नापास करत होतो इतकंच.

गुणवाटपाची शंकाही तिथे लागू पडत नाही. योजनेत कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. प्राध्यापक तेच, विषय तेच. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी तीच योजना उचलली, तिथे १९ विरुद्ध ३५ टक्के. दोन्हीकडे खिरापत वाटली म्हणता?

डीएफडब्ल्यूचा तक्ता मात्र मलाही येतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रात्रपाळी (क्वीन्स)

एवढं सगळं वाचलं, पण एसॅपची एक अट कुणी लिहिली नाही. पूर्णवेळ शिकावं लागतं. सत्राला १२ क्रेडिट.

मी तेव्हा नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायचे. मुलगा तीन वर्षांचा, नवरा टॅक्सीवर. मला १२ क्रेडिट कुठून जमणार? सहा-सहा क्रेडिट करत, मधली दोन सत्रं सोडत, सात वर्षांत असोसिएट केली. तीन वर्षांच्या आकड्यात मी नाही, फुकट मेट्रोकार्डातही नाही. विरार लोकलने वाढवलेला जीव म्हणून टिकले म्हणा.

मला अडवलं कशाने सांगू? गणिताने नाही. सल्लागाराचं ऑफिस पाचला बंद व्हायचं आणि माझे वर्ग सहाला सुरू. मला कुणी सांगितलंच नाही की मी घेतलेला एक सायन्सचा विषय नर्सिंगला चालत नाही. सत्र वाया, पैसे वाया. आणि पाळणाघरात नंबर लागेपर्यंत पोरगं पहिलीत गेलं. मंगळवारी पाळणाघरवाली आजारी पडली की माझी हजेरी बुडाली. हे असलं कुठल्या तक्त्यात येतं का?

म्हणून मावशींचंही पटत नाही आणि तासिकावाल्या सरांचंही. मोजू नका म्हणणाऱ्यांना माझ्यासारख्या दिसत नाहीत. मोजा म्हणणारे पूर्णवेळवाल्यांना मोजतात, मग पैसाही तिकडेच जातो. मला विचाराल तर एक माणूस रात्री आठपर्यंत त्या खिडकीत बसवा. बाकी चर्चा सावकाश करा.

नाशिककर

अवांतर: आमच्या मुक्त विद्यापीठात १९८९ पासून रात्रपाळीताईंसारखीच माणसं शिकतायत. किती जणांनी पुरं केलं यावर इतकी हाणामारी मी आजवर ऐकली नाही.

आकडेमोड

@नाशिककर, तीच तर तक्रार आहे. इथे निदान आकडा बाहेर येतो, म्हणून हाणामारी होते.

खडूस मास्तर

रात्रपाळीताई, तुमची खिडकी मला शंभर टक्के मान्य. पण पैसा आकड्याला बांधला की पहिल्यांदा तीच बंद होते, कारण अर्धवेळवाले आकड्यात नाहीत.

तासिकावाला

मान्य. "पैसा आकड्याशी जोडा" हे वाक्य मागे घेतो, निदान सध्याचा आकडा आहे तोवर. जबाबदारी कॉलेजची, हे मागे घेत नाही. सल्लागारामागे हजार मुलं ठेवून "त्यांना शिकायचंच नसतं" म्हणायचा हक्क आपल्याला नाही.

रात्रपाळी (क्वीन्स)

त्या पंपावरच्या पोराच्या १८३ डॉलरचं पुढे काय झालं?

तासिकावाला

वसुलीवाल्या एजन्सीकडे गेले. आता अडीचशेच्या वर झालेत. परवा विचारलं, तर म्हणाला, आधी गाडी करतो, मग बघू.