अनुभव धागा : शाळेच्या पैशांची चोरी कुठल्या कागदावर दिसते?

'बॅड एज्युकेशन' हा एचबीओवर 2020 मध्ये आलेला चित्रपट पाहून हा धागा काढतेय. तो खऱ्या प्रकरणावर आहे: न्यूयॉर्कजवळच्या रॉस्लिनमधल्या सरकारी शाळांचे 1 कोटी 12 लाख डॉलर गैरमार्गाने गेल्याचं राज्याच्या 2005 च्या लेखापरीक्षणात उघड झालं. नाशिकमध्ये शाळांचे हिशेब ज्यांच्या हाताखालून जातात, त्यांनी नेमकं काय तपासायचं ते लिहावं. संस्थांची नावं नकोत.

लेखापरीक्षक, कॉलेज रोड
ताळेबंदात शोधू नका, तो जुळवलेलाच असतो. व्हाउचरची, म्हणजे प्रत्येक खर्चाच्या बिला-पावत्यांची, फाईल मागा. चित्रपटात चोरीचा माग काढणारी विद्यार्थिनी शाळेच्या पुरवठादाराच्या पत्त्यावर जाते, तर तिथे राहतं घर निघतं. आपल्याकडे हेच काम बसल्या जागी होतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तीन दरपत्रकांपैकी दोनांत ही दहा अक्षरं सारखी असली, तर मालक एकच आहे आणि स्पर्धा खोटी आहे. बिल क्रमांकही पाहा. जूनमध्ये 41, सप्टेंबरमध्ये 42, जानेवारीत 43 असं असेल, तर त्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईकच नाही. दरपत्रकं टाळायला मोठी खरेदी मर्यादेखालच्या चार बिलांत तोडलेली असेल, तर तारखा जवळजवळ असतात.

मुख्य लिपिक, सिडको
वरच्या मुद्द्यात भर. 40 बाकांच्या बिलावर डेड स्टॉक नोंदवहीचा (बाक, कपाटं असा टिकाऊ माल जिथे लिहितात ती) पान क्रमांक हवा. नसेल तर वर्गांत जाऊन बाक मोजा. मागणी करणारा, माल ताब्यात घेणारा आणि चेक लिहिणारा एकच माणूस असला की गडबडीला वाट मिळते.

फीचं वेगळं. पावती पुस्तकांचीही नोंदवही असते: कोणतं पुस्तक, कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत, कोणाला दिलं. समांतर पुस्तक छापलं असेल तर ते इथे सापडत नाही, पालकांकडच्या पावत्या जुळवल्यावर सापडतं. म्हणून पावत्या टाकून देऊ नका, कृपया.

पालक प्रतिनिधी, इंदिरानगर
2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी समितीपुढे यायला हवा. तेव्हाच खर्चाचे कागद मागा, जूनमध्ये फार उशीर होतो.

ट्रस्टचे हिशेब पाहणारे, द्वारका
संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात असतात, प्रती अर्ज करून मिळतात. तीन वर्षांची पत्रकं शेजारी ठेवा. विद्यार्थ्यांचा पट न वाढता 'इतर खर्च' फुगला असेल तर तिथून सुरुवात करा.

आणखी एक. रॉस्लिनच्या शाळा मंडळाने 2002 मध्ये एका अधिकारी बाईंकडून अडीच लाख डॉलर परत घेऊन गुपचूप राजीनामा स्वीकारला, आणि बाकीची चोरी झाकलेली राहिली. अशी तडजोड कुणी सुचवली तर विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या, आणि त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी मागा.